ताई, तू मला तुझी आई दिलीस

ताई,

हे पत्र घरी तुझ्या हातात दिलं असतं तर दोन ओळी वाचून तू घडी केली असतीस आणि "चहा टाक" म्हणाली असतीस. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितेय.

आई गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण मला सांगून गेला, तिने तुझ्यासाठी केवढं केलं. खरंच आहे ते. पण एकानेही तुझ्याकडे बघून विचारलं नाही की या मुलीने काय केलं. लग्नानंतर सतरा वर्षांनी झालेली एकुलती एक लेक तू. तुझी दहावी तोंडावर असताना आईने नऊ वर्षांची परकी पोर घरात आणली आणि तुझ्या खोलीत निजवली. आभार मानायचे तर आधी तुझे मानायला हवेत, हे मला कळायला बारा वर्षं लागली.

नोव्हेंबर 2013. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत मी आणि अम्मा, माझी जन्मदाती, राहायचो. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, मी तिच्याशेजारी बसून पानं कापायची. ती गेल्यावर मामा भिवंडीहून आला आणि दहाव्यानंतर निघून गेला. पुढचे दोन महिने बालगृह. त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. मग एके दिवशी बालकल्याण समितीपुढे एक बाई बसलेल्या दिसल्या, फिकट निळ्या साडीतल्या, बोटाला सुईची टोचणी लागलेल्या. त्यांनी मला नाव विचारलं नाही. "अन्नं तिन्नावा?" असं विचारलं. जेवलीस का? नंतर कळलं, आदल्या दिवशी शेजारच्या काकूंकडून ते दोन शब्द त्या पाठ करून आल्या होत्या. मी तेलुगू बोलते एवढंच त्यांना माहीत होतं.

मी तिला आई म्हणावं असं ती कधीच म्हणाली नाही. मला सोपं गेलं, कारण माझ्याकडे तो शब्द रिकामाच होता. अम्मा ती अम्मा, आई ती आई. पण तुझ्याकडे तो शब्द एकच होता आणि तो तुला माझ्यासोबत वाटून घ्यावा लागला.

पहिले तीन आठवडे तू माझ्याशी बोलली नाहीस. हे मी लिहितेय म्हणून रागावू नकोस, मला ते आवडलं होतं. बाकी सगळे माझ्याशी काचेचं भांडं धरल्यासारखे बोलायचे. तू मात्र सरळ तोंड फिरवून पुस्तकात डोकं घालायचीस. मग ती पाण्याची रात्र आली. आपल्या लाइनीत चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही रात्री अडीच-तीनला. आई शिवणाची ऑर्डर पुरी करून नुकती लवंडली होती, पप्पा रेल्वेच्या ड्युटीवर. नळ फुसफुसला तशी तू उठलीस, मला पायाने हलवलंस आणि म्हणालीस, "ऊठ, तूही आंघोळ करतेस ना?" दोघींनी मिळून दोन पिंपं, अकरा घागरी आणि आईची ती पितळी कळशी भरली. आई सकाळी उठली तर सगळं भरलेलं. ती काही बोलली नाही, दोघींच्या ताटात शेंगा चटणीवर तेल जरा जास्त सोडलं तिने. त्या दिवसापासून मी या घरातली झाले. समितीचा कागद त्याआधी आला होता, पण तो कागद होता.

लोकांना अजून वाटतं की मी दत्तक होते. आई प्रत्येकाला शांतपणे सांगायची, दत्तक वेगळं आणि संगोपन वेगळं. दत्तक घेतलं की मूल कायमचं त्या घरचं होतं, नाव बदलतं, वारसा मिळतो. संगोपनात मूल आपल्या घरी वाढतं, पण त्याचं नाव, त्याची माणसं त्याचीच राहतात, आणि त्याचं घर पुन्हा उभं राहिलं तर त्याला परत पाठवायचं असतं. हे शेवटचं बोलताना तिचा आवाज किंचित खाली जायचा.

तो आवाज का खाली जायचा हे आपण दोघींनी पाहिलं, बार्शीचे ते दोघे भाऊ परत गेले तेव्हा. चार आणि सहा वर्षांचे. त्यांची आई दवाखान्यात म्हणून आपल्याकडे आलेले, चौदा महिने राहिलेले. त्यांची आई बरी झाली. आपल्या आईने गणवेशाच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांचे दोघांना शर्ट शिवले, खिशावर एकाला होडी, एकाला पतंग. एसटी स्टँडवर ती हसत होती. घरी येऊन मशीनवर बसली आणि पायडल मारत राहिली. सुईत दोराच नव्हता. तू उठलीस, रीळ घेतलंस, दोरा ओवलास आणि न बोलता बाजूला झालीस. मी ते दारातून बघत होते.

त्या रविवारी ती चर्चमध्ये गायली नाही. नाहीतर तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, सुरात असो की नसो. बायबलला चेनचं कव्हर, त्यात दानाची नोट आधीच घडी करून ठेवलेली, साडेनऊच्या उपासनेला सव्वानऊला तिसऱ्या बाकावर. मधे मी, एका बाजूला ती, एका बाजूला तू. भगिनी मंडळात कुणीतरी विचारलं होतं, "हिचा बाप्तिस्मा कधी?" आई म्हणाली, "तिचं नाव तिच्या अम्मानं ठेवलंय. मोठी झाली की तिचं ती ठरवेल." मंडळात थोडा वेळ कुणी बोललं नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही. तुला मात्र वाटलं होतं, हे मला माहीत आहे. चर्चच्या मैत्रिणी तुला काय काय बोलल्या तेही. तू ते घरी आणलं नाहीस.

आणि नारळी पौर्णिमा. आपल्या सोलापुरात त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. अम्मा तिला नूलु पुन्नमी म्हणायची, सुताची पौर्णिमा, विणकरांचा सण. पहिल्या वर्षी मी त्या दिवशी नुसती गप्प होते. आईने कारण काढून घेतलं आणि संध्याकाळी मला घेऊन निघाली. आयुष्यभर चर्चला जाणारी बाई, रथाच्या गर्दीत मला पुढे धरून उभी. "बघ, नीट बघ, अम्माला सांगायचंय ना," म्हणाली. पुढे दर वर्षी गेलो. तू यायची नाहीस, पण परत आलो की ताटं वाढलेली असायची.

हे तिच्यात कुठून आलं याचा मी विचार करते. तिची आजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या मुलींपैकी एक. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी जिवंत राहिलेल्या पोरी गोळा करून केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या, त्यांतली. आजीला स्वतःचं गाव आठवत नव्हतं, फक्त एका विहिरीची पायरी आठवत होती. आईने ही गोष्ट मोठ्या कौतुकाने कधी सांगितली नाही. पण पुण्याला जाताना गाडी केडगावजवळ आली की ती जागेवरून उठून दाराशी उभी राहायची, गाडी थांबो न थांबो. पप्पा म्हणायचे, बस गं, तोल जाईल. ती स्टेशन मागे पडेपर्यंत बसायची नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ती. पासबुक.

मला सांभाळण्यासाठी सरकारच्या बालसंगोपन योजनेचे तेव्हा महिन्याला 425 रुपये मिळायचे. आईने त्यातला एक रुपया माझ्या जेवणाकपड्यावर खर्च केला नाही. पोस्टात माझ्या नावाचं खातं काढलं आणि सगळे तिथे टाकले. पुढे रक्कम वाढली तीही तिथेच. मी अठराची झाले तेव्हा तिने पासबुक माझ्या हातात ठेवलं, पन्नास हजारांच्या आसपास होते. त्यावर माझं नर्सिंग सुरू झालं. मला वाटलं हे आईचं देणं.

गेल्या महिन्यात तिची ट्रंक आवरताना सोनाराची जुनी पावती सापडली. गळ्यातली साखळी मोडल्याची. तारीख तुझ्या बीएस्सीच्या ॲडमिशनच्या आठवड्यातली. त्या आठवड्यात माझं पासबुक त्याच ट्रंकेत होतं. मी तुला विचारलं, तुला माहीत होतं? तू म्हणालीस, "हो. आई म्हणाली होती, ते तिचे आहेत." एवढंच. आईची साखळी जाताना तू पाहिलीस, तीन वर्षं एसटीच्या पासवर कॉलेजला गेलीस, आणि त्या पैशांचं एकदाही नाव काढलं नाहीस. ना तिच्यापाशी, ना माझ्यापाशी. आपण भांडलो तेव्हासुद्धा नाही, आणि आपण काही कमी भांडलो नाही.

ताई, त्या पासबुकासाठी आभार. अर्ध्या पलंगासाठी. मला तिसऱ्या बाकावर मधली जागा दिलीस त्यासाठी. तुझ्या वाट्याच्या आईतून मला मिळालेल्या प्रत्येक तासासाठी.

आणि कबरस्तानातल्या त्या सकाळसाठी. मे महिना, नऊ वाजताच डोक्यावर आग. पाळकसाहेबांनी मातीसाठी तुला पुढे बोलावलं. कुजबुज मलाही ऐकू आली, आधी सख्खी लेक. मी मागे सरकले होते. तू गर्दीतून मागे येऊन माझं मनगट धरलंस, खड्ड्याच्या काठापर्यंत नेलंस आणि आपल्या दोघींच्या मुठी एकदमच सोडल्या.

यंदा नारळी पौर्णिमेला मी एकटीच रथाला जायचं ठरवलं होतं. दवाखान्यातली ड्युटी बदलून घेतली होती. सकाळी तुझा फोन आला. मागे गाडीचा आवाज, वारा, आणि तू ओरडून बोलत होतीस.

"ऐक, मी निघालेय पुण्याहून. रथ किती वाजता असतो गं? आणि थांब, ठेवू नकोस. केडगाव आलंय. दाराशी उभी आहे."

तुझी,
धाकटी
सोलापूर