नाकाला सवय होते, नसांना नाही

संपादक साहेब,

मी बरीच वर्षं फॅक्टरीत सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा उग्र वासाचा गोंद, लावायच्या टेबलवर काम केलंय म्हणून हे लिहितोय. नवीन पोरगा आला की पहिले काही दिवस त्याचं डोकं धरतं, मळमळतं, मग हळूहळू वास येईनासा होतो आणि सगळे म्हणतात झाली बघ सवय. अहो सवय फक्त नाकाला होते, हवेतली वाफ तेवढीच असते!

माझ्या शेजारी बसायचा त्याच्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि दोन पावलं पुढे गेल्यावर त्याला कळायचं. आधी बोटं बधिर, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी शुगर तपासली, व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, पण काम काय करतोस हे कोणी विचारलंच नाही, १७०० साली रामाझ्झिनी नावाचा इटालियन डॉक्टर सांगून गेला होता की पेशंटला त्याचा धंदा विचारा. बऱ्याच सोल्युशनमध्ये एन-हेक्झेन नावाचं उडून जाणारं रसायन असतं, शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं ते हातापायाच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, खराब करतं, आणि काम सोडल्यावरही त्रास काही महिने वाढू शकतो, मग कुठे हळूहळू उतरतो.

बेंझिन नावाच्या रसायनाचं तर अजून वाईट, त्याने ब्लड कॅन्सर होतो पण तो कित्येक वर्षांनी दिसतो, तोवर माणूस दुसऱ्याच कंपनीत असतो, जोडणार कोण? धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्यांच्या नाकाच्या पडद्याला क्रोमियममुळे भोक पडतं ते वेगळंच.

आणि मास्क म्हणून देतात काय, तर कापडी! तो वाफ अडवत नाही, त्याला कोळशाचं कार्ट्रिज लागतं आणि तेही वेळेवर बदलावं लागतं. पण मास्क ही शेवटची गोष्ट झाली, आधी टेबलापाशीच वाफ ओढून घेणारा एक्झॉस्ट पाहिजे, पंखा नुसती फिरवतो, आणि जमेल तिथे हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरा ना. सुटी झाली की थिनरने हात धुणं पण बंद करा, कातडी पांढरी पडून तडकते आणि थिनर कातडीतूनही आत जातं. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद, ऑफिसच्या कपाटात इंग्रजीत पडून असते, १६ भाग असतात तिचे, निदान चौथा प्रथमोपचाराचा आणि आठवा बचावाचा तेवढे मराठीत लाईनवर लावा.

तुमचा पेपर डॉक्टरही वाचतात, त्यांना एकच विनंती, कामगार मुंग्या येतात म्हणून आला तर शुगर बघाच, पण दिवसभर त्याच्या हाताला काय लागतं तेही विचारा.

– एक कामगार