टायरमधले जेल खिळा लपवते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रस्त्यावर माझे टायरचे दुकान आहे. उन्हाळा लागला की रोज कोणी ना कोणी विचारतो, "जेल भरून टाकू का? म्हणजे पंक्चरची कटकटच नको." पंक्चरचे भोक आतून बुजवणारे हे जेल मीही विकतो, तरी चारचाकीत ते आधीच भरून ठेवायला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण सगळ्यांना कळावे म्हणून हे पत्र.

ट्यूबलेस दुचाकीची गोष्ट वेगळी. मंद्रूप, वळसंग, बोरामणीकडून पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन येणाऱ्याच्या टायरात बाभळीचा काटा हमखास जातो आणि त्या वेळी एकही दुकान उघडे नसते. अशांना मी स्वतः जेल भरून देतो. या जेलमध्ये ग्लायकॉल नावाचा द्रव आणि पाणी यांत तंतू व रबराचे बारीक कण मिसळलेले असतात. भोकातून हवा सुटताना ते तिकडे ओढले जातात आणि बूच बसते. काट्याच्या भोकाला एवढे पुरते. टायर बाजूने फाटले तर मात्र कुठलेच जेल कामाचे नाही.

मोटारीत हेच बूच घात करते. परवा एक गाडी आली, ताशी 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरते अशी तक्रार. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा करून झाले होते. टायर रिमवरून उतरवले तर आत आंबिलीसारखे हिरवट जेल एका बाजूला साचलेले. ते पुसून हात फिरवला तर बोटाला खिळ्याचे टोक लागले. बाहेर त्याचे डोके नक्षीच्या खाचेत घासून चपटे झाले होते, आणि भोकाभोवतीच्या पोलादी तारा पाणी शिरून गंजल्या होत्या. मालकाला पंक्चर झाल्याचा पत्ताच नव्हता. ते टायर मी पुन्हा चढवले नाही.

जेल आहे या भरवशावर लोक हवा तपासणे सोडून देतात, हे तर फारच वाईट. बूच पूर्ण बसले नसेल तर हवा हळूहळू उतरत राहते. कमी हवेवर टायरची बाजू सारखी दबते आणि आतून तापते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो. त्यात माणसे भरून, डिकीत सामान कोंबून गाडी पुणे हायवेला लागली की टायर फुटायला वेळ लागत नाही.

काही ग्राहक म्हणतात, कंपनीच नव्या गाडीत जेलची बाटली देते. खरे आहे. 2020 मध्ये केंद्राने नियम बदलला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्ती किट असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. पण किटमधली बाटली पंक्चर झाल्यावर, वेग कमी ठेवून, जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी असते. तिथे टायर खोलून, धुऊन, वाळवून आतून पॅच मारावाच लागतो. ओल्या रबरावर सोल्युशन धरत नाही, म्हणून या कामाला वेळ जातो आणि पैसेही थोडे जास्त पडतात. दुकानात आल्या आल्या जेल भरल्याचे सांगत जा. दाबाचा सेन्सरही त्याने चोंदू शकतो.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की जेल भराल तेव्हा बिलावर तारीख टाका. वर्ष-दोन वर्षांत ते वाळून त्याचे गोळे होतात, पण भरून किती दिवस झाले हे गिऱ्हाइकाच्या लक्षात राहत नाही.

आता जूनमध्ये शाळा सुरू होतील. व्हॅनवाल्यांनी त्याआधी चारही टायर आणि स्टेपनी रिमवरून उतरवून आतून पाहून घ्यावी. टायरात जेल निघाले तर भोक शोधून पॅच मारून घ्यावा. पालकांनीही व्हॅनवाल्या काकांना याबद्दल एकदा जरूर विचारावे.

आपला,
एक टायर व्यावसायिक, होटगी रस्ता, सोलापूर