उडता रोहित हवा म्हणून थवा उठवायचा का?

मा. संपादक,
स.न.

भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे उडतानाचे फोटो आपल्या पेपरात दर हिवाळ्यात येतात, मी कापूनही ठेवतो, पण त्यातले किती थवे आपणहून उठलेले असतात असा प्रश्न हल्ली पडतो.

मी काठावरूनच फोटो काढतो, स्पॉटिंग स्कोपला (पक्षी बघायच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीला) मोबाईल जोडून. मागच्या रविवारी डिकसळच्या बाजूला उभा होतो, समोर उथळ पाण्यात शंभर-दीडशे रोहित डोकी उलटी करून मस्त खात होते आणि तेवढ्यात एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ थव्याकडे, वर बांबू पाण्यावर आपटणं. थवा उठला, लांब जाऊन बसला, होडी परत मागे. तासाभरात तीनदा! नावाड्याला एकट्याला काय बोलणार, "दादा, जरा उडवा ना" हे गिऱ्हाईकच म्हणतं आणि त्याचं पोट त्यावर आहे.

बरं, याची गरजही नसते हो. स्कोपमधून उडता पक्षी धरणं म्हणजे कागदाची सुरळी डोळ्याला लावून क्रिकेटचा बॉल शोधण्यासारखं आहे, मान्य. ऑटोफोकस नाही, ६० पट झूम केलं की अंधार होतो आणि पक्षी गायब, म्हणून २० वरच ठेवायचं, ट्रायपॉडचं डोकं सैल सोडायचं, फोकस आधीच लावून ठेवायचा. पण रोहित स्वतःच इशारा देतो ना. जड पक्षी, जागच्या जागी उडता येत नाही, आधी माना ताठ करून सगळे चालायला लागतात, मग वाऱ्याच्या तोंडाला पाण्यावर धावत सुटतात. वारा आणि ऊन आपल्या पाठीशी असलं की ते आपल्याकडेच येतात, मान पुढे ताणलेली, पाय मागे, पंखांत गुलाबी आणि काळा. होडीने उठवलेला थवा होडीपासून लांब पळतो, म्हणजे हजारो रुपये मोजून फोटो मिळतो तो शेपटांचा.

होड्यांनी लांबच इंजिन बंद करावं हे वनखात्याने बघावंच, पण आपणही फोटो छापण्याआधी तो कसा काढला एवढं विचारत जा.

त्या दिवशी १४० फोटोंतले ३ बरे आले. एक सोबत पाठवतोय, चोच कापली गेलीय म्हणून छापू नका, पण हा थवा होडी गेल्यावर आपला आपण उठलेला आहे.

आपला,
एक वाचक, बारामती