हक्कसोड

प्रिय शुभे,

किती महिन्यांनी लिहितेय ते मोजू नकोस, शिव्या नंतर दे. तब्येत बरी, थायरॉईडची गोळी चालू, बस.

आप्पा गेल्यावर सातबाऱ्याला वारसनोंद झाली, चौघांची नावं लागली. आई, दादा, अक्का, मी. आता दादाला आम्हा तिघींचं हक्कसोडपत्र हवंय. आणि मुहूर्त बघ, ३ जानेवारी! सकाळी शाळेत सावित्रीबाईंवर हेडमास्तरांचं अर्धा तास भाषण, बालिका दिन, मुलींना गुलाब, स्टेटसला फोटो, आणि संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी वहिनीने फोल्डर ठेवलं. त्यात कागद टाईप करून तयार. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, विनामोबदला.’ मी म्हटलं दादा, खुशी नक्की कुणाची? तर म्हणे अगं स्टॅम्प फक्त ५०० रुपयांचा लागतो. जसं काही मी खर्चाला घाबरत होते.

अक्का करणार सही. तिचं लग्न १९९१ चं ना, १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जितात हिस्सा दिला त्यात आधी लग्न झालेल्या वगळलेल्या, तेव्हापासून ती म्हणते माझा तर कायद्यानेच पत्ता कापला. मी सांगितलं अगं २००५ ला केंद्राने ती अट ठेवली नाही, २०२० ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, बाप २००५ ला हयात होता की नाही ते बघायचंच नाही. मोठ्ठा मेसेज केला. उत्तरात दोन हात जोडलेले आले. तिला दिवाळीत भाऊबीजेला हक्काने जायचंय, तिचं काय चुकलं.

पण माझा जीव अडकलाय तो आईत. तिची पण सही घेणारेत गं! नवऱ्याच्या जमिनीत मुलांइतकीच वाटेकरी आहे ती, आणि पंचाहत्तरीला सगळं सोडून मुलाच्या मर्जीवर राहायचं? तिला विचारलं तर म्हणाली, ‘मला काय करायचंय जमीन, दोन वेळचं मिळतंय.’ आणि हे म्हणताना वहिनी स्वयंपाकघरात आहे ना ते वळून बघितलं. रस्त्याकडेच्या बारा गुंठ्यांचा भाव आईला माहितीये, दादाने सांगितलेला नाही.

गॅदरिंगचं नाटक आठवतंय? तू बायकोने नांदायला यावं म्हणून कोर्टात गेलेला दादाजी भिकाजी, मी त्याची बायको रखमाबाई. जज्जासमोर तुझी मिशी गळून पडली आणि मी १८८७ च्या कोर्टात खी खी करत ‘तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही’ म्हणाले. बाईंनी एक गोष्ट मात्र नाटकात घेतलीच नव्हती. रखमाबाईच्या आईने, जयंतीबाईंनी, दुसरं लग्न करण्याआधी मिळकत लेकीच्या नावावर केली होती, आणि दादाजीचा डोळा बायकोपेक्षा त्या मिळकतीवर आहे असं रखमाबाईचं म्हणणं होतं. आम्हाला दहा मार्कांना फक्त बालविवाह होता.

तू सही केलीस तेव्हा मी तुला भित्री म्हटलं होतं आणि तू मला ‘भाषणबाई’. वर्षभर बोललो नाही. मी माझा शब्द मागे घेत नाहीये हां, उगाच खूश होऊ नकोस. पण तेव्हा तू म्हणालीस सही केली म्हणून माहेर टिकलं. टिकलं का? खरं सांग. वहिनी आता कशी वागते, आई आजारी होती तेव्हा तिच्या औषधाचे पैसे कोण देत होतं, तुला तिथे चार दिवस जास्त राहायला कुणाची परवानगी लागते का. मला तेवढंच ऐकायचंय, ‘जमिनीपेक्षा माणसं मोठी’ नको, ते मामा रोज ऐकवतो.

माझा हिस्सा गेला खड्ड्यात असं रात्री वाटतं, सकाळी वाटत नाही. आईचं नाव मात्र सातबाऱ्यावरून निघू द्यायचं नाही, एवढं ठरलंय. दादाला सांगितलं तर दोन दिवस फोन नाही, मग अक्काकरवी निरोप, ‘हिला कोण शिकवतंय?’ बहुतेक तुझंच नाव घेईल, तयारीत राहा.

ओमची बारावी कशी चाललीये? सासूबाईंचा गुडघा? नवीन जागेत पाणी येतं ना? सगळं सविस्तर कळव.

पुढच्या सोमवारी रजिस्टर ऑफिसला बोलावलंय, त्याआधी लिही. फोन नको, आमचे हे स्पीकरवर टाकून ऐकतात आणि मग सल्ला देतात.

तुझीच,
भाषणबाई