मीटिंग झाली, पण ठरलं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुरुषोत्तम आणि फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन करंडक स्पर्धांच्या तालमी, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, शेवटी गॅदरिंग. पुण्यातल्या कॉलेजांमधले हे सगळे मुलेच पेलतात. जीएस (विद्यार्थ्यांचा सरचिटणीस), सीआर (वर्गप्रतिनिधी), उपक्रमांचे विद्यार्थी विभागप्रमुख निवडले जातात, पण मीटिंग कशी घ्यायची हे त्यांना कोणी शिकवत नाही. मग दीड तास बोलून ‘करून टाकू’ म्हणत सगळे उठतात आणि पुढच्या आठवड्यात तोच विषय पुन्हा निघतो.

बहुतेकदा घोळ अजेंड्यातच असतो. नुसते ‘गॅदरिंग’ असे लिहिले की चर्चा कुठेही भरकटते. ‘साउंड बाहेरून आणायचा की कॉलेजचाच वापरायचा?’ असा प्रश्न लिहिला, तर उत्तर मिळताच पुढे सरकता येते. 45 मिनिटांना असे तीन प्रश्न पुरेत. ते दोन दिवस आधी, भाड्याच्या कोटेशनसह ग्रुपवर टाकावेत. निर्णय मात्र ग्रुपवरच्या पोलवर सोडू नये. तिथे सुरुवातीची मते जिकडे पडतात, तिकडेच बाकीचे बोट ठेवतात.

वेळही विचार करून ठरवावी. संध्याकाळी सहाची मीटिंग हॉस्टेलच्या मुलांना सोयीची असते. हडपसर, भोसरीहून पीएमपीच्या बसने येणाऱ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. मधल्या सुट्टीला लागून असलेला मोकळा तास बरा. ठरल्या वेळी सुरू करावे आणि उशिरा आलेल्यांसाठी झालेले पुन्हा सांगत बसू नये, नाहीतर वेळेवर येणारेही उशिरा येऊ लागतात.

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) मुलांची गप्प बसण्याची सवय. त्यांच्याकडे कल्पना असतात. पण टीवायचा (तिसऱ्या वर्षाचा) कोणी आधी बोलला की त्याला छेद द्यायला ती धजावत नाहीत. म्हणून प्रश्न वाचल्यावर दोन मिनिटे कोणीच बोलू नये, प्रत्येकाने चिठ्ठीवर आपले मत लिहावे. मग एफवायपासून वाचायला सुरुवात करावी आणि जीएसने सर्वांत शेवटी बोलावे. वीसपेक्षा जास्त जण असतील तर पाच-पाचांचे गट करून आधी पाच मिनिटे बोलू द्यावे. बाके सरकवून गोल बसावे. जीएस फळ्यापाशी उभा राहिला की मीटिंगचे लेक्चर होते. विषयाबाहेरचा मुद्दा निघाला तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, म्हणजे मांडणारा दुखावत नाही आणि गाडीही अडत नाही.

नोंदी जीएसने घेऊ नयेत. चर्चा सांभाळणे आणि लिहिणे एकाच वेळी जमत नाही. लिहिणाऱ्याने तीन रकाने आखावेत: काय, कोण, कधीपर्यंत. ‘कोण’खाली ‘सगळे’ किंवा ‘कमिटी’ लिहिले की ते काम राहिलेच म्हणून समजा. तिथे एकच नाव हवे, आणि ते त्या मुलाला किंवा मुलीला तोंडावर विचारून लिहिलेले. उठण्यापूर्वी यादी मोठ्याने वाचावी, त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकावी आणि पुढच्या मीटिंगची सुरुवात तिच्यापासूनच करावी.

प्राचार्यांना आमची विनंती आहे की नव्या प्रतिनिधींसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच दोन तासांचे सत्र ठेवावे. अर्धा तास सांगण्यात जावा, उरलेल्या वेळात मुलांनीच एखाद्या खऱ्या विषयावर मीटिंग घेऊन दाखवावी. आम्ही प्राध्यापकांनी तेव्हा मागच्या बाकावर बसावे आणि विचारल्याशिवाय बोलू नये. सर किंवा मॅडम बोलले की निर्णय झाला, असेच मुले धरून चालतात.

आपले,
विद्यार्थी उपक्रमांचे काही मार्गदर्शक प्राध्यापक, पुणे