जावईबापू, पासवर्ड न विचारल्याबद्दल आभार

श्री. जावईबापूंस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही आमच्याकडे बॅकअपची काय सोय करून गेलात हे निम्मी गल्ली मला विचारते, आणि तोंडी सांगायला गेलो की माझी गाडी दरवेळी मध्येच अडते.

2023 च्या अधिक श्रावणात तुम्ही वाणाला आलात आणि अनारशांचं ताट उचलायच्या आत हिने तुमच्यापुढे लॅपटॉप ठेवला. जावयाला असं कामाला लावतात का? पण तिला कॅसेटींचा घोर लागला होता. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली तिच्या वडिलांनी वर्षानुवर्षं टेप केल्या. त्या ती कॉम्प्युटरवर उतरवते. एका तासाच्या गाण्याला सहाशे एमबीच्या वर जागा लागते, आणि कित्येक फिती एकदा वाजल्या की पुन्हा वाजतील याची खात्री नसते.

एक प्रत कपाटातल्या हार्डडिस्कवर होतीच. पण 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या सांगलीकराला वेगळं सांगायला नको, की कॉम्प्युटर आणि कपाट एकाच घरात म्हणजे एकाच पाण्यात. गूगल ड्राइव्हचा विषय मी काढला, तेव्हा तुम्ही म्हणालात की तिथला फोल्डर फक्त जुळवून ठेवला जातो. इथली फाइल खंडणीवाल्या व्हायरसने बिघडवली, तर बिघडलेलीच तिकडे जाते. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही नाशिकच्या तुमच्या घरी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि चार टीबीची डिस्क बसवलीत. आमच्या दोन्ही मशीनवर रेस्टिक हा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम टाकलात, तोही मोफत. मधला रस्ता टेलस्केलचा, म्हणजे दोन घरांतल्या मशीन इंटरनेटवरून खाजगी जोडणाऱ्या सेवेचा, त्यामुळे राउटरवर बाहेरच्यांसाठी एकही दार उघडावं लागलं नाही. पहिल्या चारशे जीबी इथल्या वीस एमबीपीएसच्या अपलोडवर चढवायला जवळजवळ दोन दिवस अखंड लागले असते, म्हणून पहिली प्रत इथेच डिस्कवर घेऊन तुम्ही ती एसटीने नाशिकला नेलीत. आता रात्री फक्त बदललेले तुकडे जातात, आणि सलग दोन दिवस काही गेलं नाही तर माझ्या फोनवर संदेश येतो.

हे सगळं पैसे देऊनही करून घेता आलं असतं. मला आभार मानायचेत ते पासवर्डचे.

डेटा घराबाहेर पडण्याआधी इथेच एईएस-256 या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद होतो आणि किल्ली म्हणजे तो पासवर्ड, एवढं तुम्ही समजावलंत. मी सरळ म्हटलं, तुम्हीच ठरवा आणि तुमच्याकडेच ठेवा. तुम्ही खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलंत. मंगलाष्टकातली ओळ चालणार नाही, एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या, विसरलात तर मी काय, तो प्रोग्रॅम लिहिणारासुद्धा काही करू शकणार नाही, हे सगळं पाठमोरं बसूनच सांगितलंत! पासवर्ड कागदावर दोनदा लिहायला लावलात: एक कागद बँकेत, दुसरा कोल्हापूरला माझ्या भावाकडे. मुलीलाही तो माहीत नाही. आमची बँकेची कागदं, हिचे दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं तुमच्या टीव्हीखालच्या डिस्कमध्ये पडून आहे आणि तुम्हाला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. सासऱ्याची एवढी अब्रू राखणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

तुमच्या बाजूचा सर्व्हर फक्त भर घालू देतो, पुसू देत नाही. आमचं मशीन उद्या कुणाच्या ताब्यात गेलं तरी जुन्या प्रती शाबूत. त्यामुळे जुन्या प्रती छाटायच्या तर बँकेच्या लॉकरसारखं होतं: तुम्ही तुमच्याकडची बंदी उठवायची, मी इथून पासवर्ड घालायचा.

निघायच्या आधी तुम्ही हिला डोळे मिटून यादीतल्या एका फाइलवर बोट ठेवायला लावलंत. ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणून शेवटपर्यंत वाजवलीत. परत आणून बघितलेली नसेल तोवर तिला बॅकअप म्हणायचं नाही, असा तुमचा हट्ट. आता ही दर महिन्याला एक फाइल परत आणून ऐकते, आणि मी साठ्याचा दहावा भाग प्रत्यक्ष वाचून तपासणारा आदेश चालवतो. तो चालू असताना मला कुणी हाक मारलेली चालत नाही.

हिने बऱ्याच नव्या कॅसेटी उतरवल्यात, डिस्क भरत आलीय. दिवाळीनंतर एका रविवारी छाटणीला बसू. तुम्ही नाशिकहून, मी इथून. वेळ मुलीला विचारून कळवा.

आपला,
सासरा