वास तळ्याचा नाही, हावेचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तळ्यातल्या माशाला चव नसते, हा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाने जिताडा, म्हणजे आमचा खाडीतला मासा, खाल्ला मुंबईच्या हॉटेलात आणि दोष दिला आमच्या तळ्यांना. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

आमच्या अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, घरामागच्या तळ्यात जिताडा पिढ्यान्‌पिढ्या वाढतोय. खाडीतली पिल्लं आणायची, मोजकीच सोडायची, निवट्या, बोयटं अशी बारीक मासळी आणि बारीक कोळंबी खायला घालायची आणि धीर धरायचा. ते कालवण लेखकाने खाल्लेलं नाही, एवढं नक्की.

चार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याचं ऐकून मी दोनशेच्या जागी आठशे पिल्लं सोडली. जिताडा भावंडांना खाणारा मासा. मोठी-लहान वेळेवर वेगळी केली नाहीत तर मोठा धाकट्याला गिळतो. उरलेल्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या. ताजी मासळी पुरेना, तेव्हा व्यापाऱ्याने कोंबडीची आतडी पाठवली. न खाल्लेलं तळाशी कुजलं, पाणी हिरवंगार झालं, पहाटे मासे वर येऊन तोंड वासू लागले. असल्या पाण्यातलं शेवाळ आणि गाळातले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते कल्ल्यांवाटे माशाच्या अंगात भिनतं. चिखलाचा वास म्हणतात तो हाच. मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला तर वास जातो. व्यापाऱ्याला तेवढी सवड नव्हती. त्याने ते मासे तसेच 'अलिबागचा जिताडा' म्हणून मुंबईला धाडले. जावयासाठी ठेवलेला एक आम्ही घरी शिजवला. मांस पिठासारखं. आईने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. त्यानंतर मी दोनशेच्या वर पिल्लू सोडलेलं नाही.

तळ्यात वाढवायच्या व्हनामी जातीच्या कोळंबीला चौरस मीटरमागे ६० पिल्लांची मर्यादा सरकारनेच घातली आहे. जिताड्याच्या तळ्यात किती पिल्लं सोडावीत, काय खायला घालावं, हे सांगायला आमच्या गावात आजवर कोणी फिरकलेलं नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. लेखकाने लिहिण्याआधी तिथे विचारायला हवं होतं.

आणखी एक. आमच्या बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला, खांड (भगदाड) पडून दोन पावसाळे गेले. उधाणाचं खारं पाणी भातात शिरतं, तळ्याचा बांध बुडतो आणि वर्षभर पोसलेला मासा खाडीत निघून जातो. त्यावर आपल्या अंकात एक ओळ आलेली नाही. येत्या अमावास्येच्या भरतीला बातमीदार पाठवा, खांडीपर्यंत मी स्वतः घेऊन जातो.

आपला,
एक तळेवाला शेतकरी
खारेपाट, ता. अलिबाग